नेदरलँड्समध्ये, ब्राबंट प्रांतातल्या खेड्यात घर घ्यायचंय : बोली लावण्याआधी काय काय बघू?

शेवगा | ४ मार्च २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं आइंडहोव्हनमध्ये भाड्याने राहतोय. नवऱ्याची नोकरी फेल्डहोव्हनला, मी बहुतेक घरूनच, आठवड्यातून एकदा उत्रेख्तला जाते. लेक सहा वर्षांची, डच शाळेत तिसऱ्या ख्रुपमध्ये (आपली पहिली). भाडं दर जुलैला वाढतं आणि घर दर जुलैला तेवढंच राहतं, म्हणून आता विकत घ्यायचं ठरवलं.

शहरात तीन बोली हरलो. तिसऱ्या वेळी मागितलेल्या किमतीपेक्षा ३१,००० युरो जास्त लावले होते, तरी सातांत चौथे आलो. मग फुंडावरचा (घरांच्या जाहिरातींची वेबसाइट) नकाशा थोडा पूर्वेकडे सरकवला. आस्टेन, सोमेरेन, डेर्न ही पट्टी. तिथल्या एका खेड्यात १९६२चं जोडघर आहे. ३४० चौरस मीटर जागा, मागे शेड, ऊर्जेचं लेबल एफ (खालून दुसरं), मागणी ४,१५,०००. घरच्या आजी वृद्धाश्रमात गेल्या, मुलं विकतायत. आज बघायला जायचं होतं, पण माकेलार (घरांचा दलाल) हसून म्हणाला, "आज कार्नव्हल आहे, इथे कुणीही शुद्धीत सापडणार नाही." आता परवा.

प्रश्न असे. बोली किती लावावी? आमचा माकेलार म्हणतोय, "कर्ज मिळालं तरच खरेदी" ही अट काढलीत तर घर मिळेल. काढावी का? आणि शहरातल्या घरात बघावं लागत नाही पण खेड्यातल्या घरात बघायलाच हवं, असं काय असतं?

---

टोपलीतला_लसूण | ४ मार्च, रात्री ९:५५

पहिला मी! ताई, पेल भागात (म्हणजे ही आस्टेन-डेर्नची पट्टी) जाताय तर नाकाची तयारी ठेवा. फेब्रुवारीच्या मध्यापासून शेतात पातळ शेणखत घालतात. डुकरांचं. आमच्याकडे कोल्हापूरला शेण म्हणजे शेण असतं, हे वेगळंच प्रकरण आहे. बाकी माणसं सोन्यासारखी.

---

हिशेबनीस | ४ मार्च, रात्री ११:१०

ताई, बोलीच्या आकड्याआधी खिशातल्या आकड्याकडे बघा. इथे घराच्या किमतीच्या १०० टक्के कर्ज मिळतं हे ऐकून आपले लोक फसतात. ते १०० टक्के मूल्यांकनाचे असतात, तुमच्या बोलीचे नव्हेत. समजा तुम्ही ४,३५,०००ला घर घेतलं आणि मूल्यांकन करणाऱ्याने ४,२०,००० लिहिले, तर मधले १५,००० तुमच्या बचतीतून. वर नोटारिस (खरेदीखत करून देणारा), कर्ज सल्लागार, मूल्यांकन, घराची तपासणी, तुमचा माकेलार. यातला एकही पैसा मूळ कर्जात बसत नाही.

मग खरेदी कर. राहण्यासाठीच्या घरावर २ टक्के. पस्तिशीच्या आत असाल, आधी ही सवलत घेतली नसेल आणि घर ५,२५,०००च्या आत असेल (हा २०२५चा आकडा, दरवर्षी बदलतो) तर शून्य. पण ही सवलत माणसागणिक असते. तुम्ही ३३च्या आणि नवरा ३७चा असेल, घर निम्मं-निम्मं असेल, तर त्याच्या अर्ध्या वाट्यावर २ टक्के भरावेच लागतील.

एनएचजी (गृहकर्जाची राष्ट्रीय हमी) जरूर घ्या. २०२५ची मर्यादा ४,५०,०००, शुल्क कर्जाच्या ०.४ टक्के. व्याजदर थोडा कमी मिळतो आणि नोकरी गेली किंवा घटस्फोट झाला आणि घर तोट्यात विकावं लागलं, तर उरलेल्या कर्जापाशी आधार असतो. परदेशी माणसाने तर घ्यावीच.

लेबल एफची भीती बाळगू नका. इन्सुलेशन, काचा, हीट पंप यांसाठी मूल्यांकनाच्या १०६ टक्क्यांपर्यंत कर्ज वाढवता येतं. ती रक्कम बँकेतल्या वेगळ्या खात्यात पडून राहते आणि बिलं दाखवली की सुटते.

शेजारची घरं कितीला गेली हे काडास्टरवर (जमिनींची सरकारी नोंदणी) दर घरामागे थोडे युरो भरून कळतं. वोझ मूल्य (करासाठी ठरवलेली घराची सरकारी किंमत) तर फुकट दिसतं. माकेलारच्या "मला वाटतं"वर आकडा ठरवू नका.

---

सदाशिव_४११०३० | ५ मार्च, सकाळी ७:०५

एवढ्या पैशात बाणेरला दोन फ्लॅट येतील. एकात राहा, एक भाड्याने द्या. डुकराच्या खताचा वास घ्यायला तीस वर्षांचं कर्ज काढणारा माणूस फक्त मराठीच असू शकतो.

---

टोपलीतला_लसूण | ५ मार्च, सकाळी ७:१२

बाणेरला राहून फेल्डहोव्हनच्या ऑफिसात कसं जायचं तेवढं सांगा काका. सायकलने?

---

खाउडाकर | ५ मार्च, दुपारी १:३०

आधी उच्चार. तुम्ही ज्याला गौडा चीज म्हणता ते गाव खाउडा. मी तिथून आठ किलोमीटरवरच्या खेड्यात राहतो, आणि ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घराखाली आहे. अक्षरशः.

२०१८ला घर घेतलं. १९२८चं, कालव्याकाठी, समोर बदकं. बायको म्हणाली, चित्र आहे चित्र. तपासणी केली नाही, कारण पाचजण रांगेत होते आणि तपासणीची अट घातली की आपण मागे पडतो असं सगळे सांगत होते. दुसऱ्या वर्षी मुलाने गोटी जमिनीवर ठेवली तर ती आपोआप स्वयंपाकघरात गेली. आम्हाला गंमत वाटली. तिसऱ्या वर्षी बेडरूमचं दार लागेना. मग माणूस बोलावला.

या भागात जमीन म्हणजे पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती). ओल्या स्पंजवर घर ठेवल्यासारखं. म्हणून जुन्या लोकांनी लाकडी खांब खोल वाळूपर्यंत ठोकून त्यावर घरं बांधली. लाकूड पाण्याखाली असेतो शेकडो वर्षं टिकतं. पण भूजल खाली गेलं की खांबांची डोकी उघडी पडतात, हवा लागते, बुरशी धरते आणि डोकी कुजतात. पाणी खाली का जातं? शेतीसाठी पातळी कमी ठेवतात, कोरडे उन्हाळे येतात, आणि कधी शेजारच्या गळक्या गटारातून पाणी झिरपून निघून जातं. वरून काही दिसत नाही. भिंत छान रंगवलेली असते.

घरं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे एकट्याने दुरुस्ती करून उपयोग नाही. चार घरांनी एकत्र यायला दीड वर्ष गेलं. चौथ्या घरातले आजोबा म्हणत, "माझ्या हयातीत पडत नाही." त्यांचंही बरोबरच होतं. आमच्या वाट्याला आले ८८,००० युरो. विमा कंपनीने हात वर केले, कारण पाया झिजणं विम्यात बसत नाही.

ताई, तुमच्या भागात वाळू आहे, त्यामुळे हा धोका कमी. तरी विचारा : पाया कशावर? उत्तर "ओप स्टाल" असं आलं तर पोलादी पाया समजून खूश होऊ नका. त्याचा पोलादाशी संबंध नाही, खांबांशिवाय थेट घट्ट जमिनीवर टेकवलेलं घर एवढाच अर्थ. वाळूवर ते चांगलंच. पीटवर तसं असेल तर पळा.

---

नवखा | ५ मार्च, दुपारी २:०२

जाहिरातीत किमतीपुढे "के. के." लिहिलेलं असतं ते काय? आणि एकदा आपण हो म्हटलं की मागे घेता येत नाही का?

---

हिशेबनीस | ५ मार्च, दुपारी २:२०

"कोस्तेन कोपर", म्हणजे कर आणि नोटारिसचा खर्च घेणाऱ्याच्या डोक्यावर. नव्या बांधकामावर बहुधा "व्ही. ओ. एन." असतं, तिथे तो किमतीतच धरलेला असतो.

मागे घेण्याचं म्हणाल तर तोंडी "हो" इथे दोघांनाही बांधत नाही, कागदावर सह्या व्हाव्या लागतात. सही झालेल्या कराराची प्रत हातात पडली की दुसऱ्या दिवसापासून घेणाऱ्याला तीन दिवस मिळतात. त्यात कारण न देता माघार. विकणाऱ्याला ही सोय नाही. चौथ्या दिवशी मात्र करारात लिहिलेल्या अटीच तुम्हाला वाचवतात. नाहीतर किमतीच्या १० टक्के दंड. ताईंच्या घराला ते ४३,०००च्या आसपास.

म्हणून "कर्जाची अट काढा" हा सल्ला देणारा माकेलार तो दंड भरणार आहे का, एवढंच विचारा.

---

उत्तरेचा_वारा | ५ मार्च, संध्याकाळी ६:४५

मी ग्रोनिंगेन प्रांतातला. आमच्याकडे विचारायचा प्रश्न वेगळा : भूकंपाची फाइल कुठे आहे?

१९५९ला स्लोख्तेरेनला वायू सापडला, अर्धशतकाहून जास्त काळ उपसला आणि त्यात जमीन हलायला लागली. २०१२च्या ऑगस्टमध्ये हुइझिंगेला ३.६चा धक्का बसला. आकडा छोटा वाटतो, पण धक्के अगदी वरच्या थरात बसतात आणि घरं विटांची. उपसा ऑक्टोबर २०२३ला थांबला. जमीन अजून पूर्ण थांबलेली नाही. इथे घर घेताना नुकसानभरपाई कधी, किती आणि कशासाठी मिळाली, त्यातून खरंच दुरुस्ती झाली का, की पैसे घेऊन भेगा पुट्टीने भरल्या, हे कागदावर मागायचं. मजबुतीकरणाच्या यादीत घर आहे का तेही. त्या बदल्यात घरं स्वस्त. मी ज्या किमतीत तीन बेडरूम आणि सफरचंदाची सात झाडं घेतली त्यात आइंडहोव्हनला गॅरेज येईल.

आणि माणसं. घर घेतलं त्या आठवड्यात समोरचा बाबा येऊन सांगून गेला, "डावीकडची दोन आणि उजवीकडची दोन घरं तुमची नोबर." म्हणजे लग्न, बाळंतपण, मयत यांत ते तुमच्यासाठी आणि तुम्ही त्यांच्यासाठी धावायचं. लेकीच्या जन्माच्या वेळी पहाटे उठून पाहिलं तर अंगणात लाकडी करकोचा उभा (बाळ आल्याची इथली खूण). दोन महिन्यांनी शेजारच्या आजी गेल्या, तेव्हा शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत मी होतो. मला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

---

उडेनची_सून | ५ मार्च, रात्री ८:१५

भूकंप फक्त उत्तरेला नाहीत हो. आपल्याकडे पेलच्या कडेने मोठा भ्रंश (जमिनीतली खोल भेग) जातो. १३ एप्रिल १९९२ला रुरमोंडला ५.८चा धक्का बसला होता, तो याच पट्ट्यातला, आणि नैसर्गिक. रोजच्या आयुष्यात त्याचा त्रास नाही, पण एक गंमत आहे. भ्रंशाने भूजल अडतं, म्हणून उडेनला उंचावरची जमीन ओली आणि सखल जमीन कोरडी. पहिल्या वर्षी आमच्या घराखालच्या पोकळीत नारिंगी पाणी दिसलं तेव्हा मी घाबरून प्लंबर बोलावला. तो म्हणाला, "मॅडम, लोह आहे, पाइप नाही फुटलेला." बिल मात्र लावलं.

ताई, घराखालच्या पोकळीचं झाकण उघडून दाखवा म्हणा. गालिचा खिळलाय, कपाट जड आहे, असं सांगतील. तरी उघडायला लावा.

---

काठावरचा | ५ मार्च, रात्री १०:३०

खेड्याच्या आत घेताय तर ठीक. गावाबाहेर शेतातलं घर स्वस्तात दिसलं तर आधी नगरपालिकेच्या जमीन-वापराच्या आराखड्यात त्या पत्त्यावर काय लिहिलंय ते पाहा. पुष्कळ फार्महाउसं कागदोपत्री "शेती व्यवसायाचं निवासस्थान" असतात. म्हणजे शेजारची शेती चालवणाऱ्यानेच तिथे राहायचं. तुम्ही ऑफिसात काम करता, डुकरं पाळत नाही, तर तिथे राहणं बेकायदा. बँकही कर्ज देत नाही. सुट्टीतल्या घरांचं तसंच, बारा महिने राहता येत नाही.

मी एका अशा घराच्या मागे दोन महिने घालवले. सगळं ठरलं, सल्लागाराच्या शेवटच्या प्रश्नावर कोसळलं.

तोच नकाशा शेजारच्या मोकळ्या जागेसाठीही पाहा. समोरचं मक्याचं शेत पुढच्या वर्षी चाळीस घरांची वसाहत असू शकते. किंवा गोठा.

अवांतर : शाळेची पटसंख्या विचारा. २३च्या खाली गेली की शाळा टिकत नाही. बसचं वेळापत्रकही बघा. आमच्या गावाला आठ आसनांची बस येते, निवृत्त लोक फुकट चालवतात, शनिवार-रविवार बंद. एक ड्रायव्हर-आजोबा मला "मिस्टर इंडिया" म्हणतात. आता सवय झाली.

---

शेवगा | ६ मार्च, रात्री ९:२०

घर पाहून आले. सगळ्यांचे प्रश्न कागदावर लिहून नेले होते. विकणाऱ्यांचा मोठा मुलगा, साठीचा असेल, माझा कागद बघून म्हणाला, "आमच्या आईचीसुद्धा एवढी चौकशी कुणी केली नाही."

घर जसंच्या तसं १९६२मधलं आहे. जिन्याला तपकिरी पॉलिश, न्हाणीघरात फिकट हिरव्या फरशा, स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यांना जागा ठरलेल्या. भिंतींवर फोटो काढल्याचे पांढरे चौकोन. शेडमध्ये आजोबांची अवजारं टांगलेली आणि प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा पेन्सिलने भिंतीवर काढलेली. नवरा तिथून हलेना.

आता वाईट. शेडचं छप्पर नालीदार करड्या पत्र्यांचं. अंगणात फरश्यांमध्ये एक गोल लोखंडी झाकण. मागच्या वाढवलेल्या खोलीत भिंतीला उभी भेग, केसाएवढी. पोकळीचं झाकण उघडलं, वाळू कोरडी होती.

बोलीची मुदत सोमवारी दुपारी बारा. बंद पाकिटातली बोली, एकदाच.

---

खाउडाकर | ६ मार्च, रात्री ९:४५

भेग जुन्या आणि नव्या बांधकामाच्या सांध्यावरच आहे का? मग वाढवलेली खोली वेगळी बसलीय. वाळूवर बहुधा ती बसून झालेली असते. तरी तपासणीची अट घालाच. माझे ८८,००० आठवा.

---

उत्तरेचा_वारा | ६ मार्च, रात्री १०:०५

छप्पर ॲस्बेस्टॉसचं असणार. इथे १९९३ला बंदी आली, त्याआधीच्या प्रत्येक शेडवर तेच. घाबरू नका. स्क्रूने बसवलेले अखंड पत्रे ३५ चौरस मीटरपर्यंत घरमालक स्वतः काढू शकतो, आधी नगरपालिकेला कळवायचं. तोडायचे नाहीत, भोकं पाडायची नाहीत, ओले करून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. मी काढलेत. अंतराळवीरासारखा दिसत होतो.

झाकण मात्र विचारायचं. वायू येण्याआधी खेड्यात तेलाच्या शेगड्या असत आणि टाकी अंगणात पुरलेली असे. रिकामी करून भरल्याचं प्रमाणपत्र मागा. नसेल आणि तेल मातीत मुरलं असेल तर माती उपसण्याचा खर्च तुमचा.

---

सदाशिव_४११०३० | ७ मार्च, सकाळी ६:५०

पेन्सिलने अवजारांच्या बाह्यरेषा? आमच्या वडिलांच्या कपाटात असंच होतं. बरं, घ्या घर. पण मोजून घ्या.

---

शेवगा | १४ मार्च, रात्री ८:००

मंडळी, मिळालं!!

४,३२,००० लावले. कर्जाची अट ठेवली, तपासणीची अटही ठेवली. माकेलार नाराज होता. आमच्याहून ६,००० जास्तीची एक बोली होती म्हणे. पण त्यांना घर पाडून दोन बांधायची होती. मुलाने फोनवर सांगितलं, "आईने विचारलं, कागद घेऊन आलेल्या बाईंनी बोली लावली का."

बोलीसोबत पत्र द्यावं का, हे मी इथे विचारलं नव्हतं, कारण तुम्ही हसला असता. पण दिलं होतं पत्र. त्यात अवजारांच्या भिंतीला रंग लावणार नाही असं लिहिलं होतं.

---

हिशेबनीस | १४ मार्च, रात्री ८:१०

अभिनंदन. एकदा असं झालं म्हणून पुढच्यांनी पत्राच्या भरवशावर राहू नये. वारसदार चार असले की बहुधा आकडाच जिंकतो.

---

शेवगा | २ एप्रिल, रात्री ९:३०

तपासणी झाली. माणूस तीन तास घरात होता, त्यातला अर्धा तास पोकळीत सरपटत. पाया ओप स्टाल, उत्तम. भेग जुनी, खाउडाकरांनी म्हटल्याप्रमाणे सांध्यावरची. दुहेरी भिंतीतली पोकळी रिकामी आहे, म्हणजे इन्सुलेशन एका दिवसात फुंकून भरता येईल. छताला मात्र काहीच नाही, कौलांमधून उजेड दिसतो. शेडचे पत्रे २४ चौरस मीटर. टाकीचं प्रमाणपत्र आजींच्या शिवणाच्या डब्यात सापडलं, १९९४ला वाळूने भरलेली.

मूल्यांकन ४,२५,०००. इन्सुलेशनसाठी वर २०,००० घेतले, कर्ज ४,४५,०००. आमच्या खिशातून : बोली आणि मूल्यांकनातला फरक ७,०००, नवऱ्याच्या अर्ध्या वाट्याचा कर ४,३२०, हमीचे १,७८०, सल्लागार ३,०००, माकेलार ३,५००, नोटारिस साधारण १,५००, मूल्यांकन ८००, तपासणी ४५०. बेरीज २२,३५०. बचतीत कमी पडतायत ते आई-बाबा पुण्याहून भेट म्हणून देतो म्हणाले, नऊ लाख रुपये. यात काही भानगड?

---

सदाशिव_४११०३० | ३ एप्रिल, सकाळी ७:००

इथे मी बोलतो, बँकेत आयुष्य गेलंय. निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, मुलीला भेट त्यात बसते. १ एप्रिल २०२५पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत उगमस्थानी कर कापत नाहीत. त्यावर भेटीला २० टक्के कापतात, पुढे विवरणपत्रात परत मिळतात, पण पैसे अडकतात. नऊ लाख म्हणजे आतच. बाबांच्या बँकेत जाऊन अर्ज भरायचा, पॅन लागेल. मोबाइलवर होतं म्हणतात, मी तरी शाखेतच जाईन.

---

हिशेबनीस | ३ एप्रिल, सकाळी ९:१५

काका, वा. डच बाजू मी सांगतो. भेट देणारा इथला रहिवासी असेल तरच भेटीवर कर लागतो. आई-बाबा पुण्यात, भारतीय नागरिक, तर नाही. पण बँक आणि नोटारिस दोघेही पैसा आला कुठून ते विचारणार. भेटीचं सहीचं पत्र आणि बाबांच्या खात्याचा उतारा इंग्रजीत तयार ठेवा. नोटारिसच्या खात्यावर पैसे शेवटच्या दिवशी पोचतील असा खेळ करू नका, भारतातून दोन दिवस म्हणता म्हणता आठवडा लागतो.

आणि सल्लागार, मूल्यांकन, हमी आणि कर्जाच्या दस्ताचा नोटारिस-खर्च हे पुढच्या विवरणपत्रात वजावटीला जातात. माकेलार आणि खरेदी कर नाहीत. पावत्या जपा.

---

उडेनची_सून | ३ एप्रिल, दुपारी १२:४०

नोटारिसकडे दुभाषी लागेल हो, आधी सांगून ठेवा. दस्त डचमध्ये वाचतात आणि तुम्हाला कळत नसेल तर नोटारिस पुढे जातच नाही. आमच्या वेळी दुभाष्याचे दोनशेहून जास्त गेले. नवरा म्हणाला, मला येतं डच. नोटारिसने विचारलं, "मग मी आत्ता काय म्हणालो?" दुभाषी बोलावला.

सोबत येणारी वस्तूंची यादीही नीट वाचा : काय राहणार, काय जाणार, काय विकत घ्यायचं. आमच्या एका ओळखीच्यांच्या घरातून विकणाऱ्यांनी जमिनीचं लॅमिनेट उचलून नेलं. यादीत लिहिलेलं होतं, यांनी वाचलं नव्हतं.

---

शेवगा | २० जून, रात्री ११:००

आज चाव्या मिळाल्या. सकाळी नऊला घरातून शेवटची फेरी, साडेदहाला नोटारिस. आजी चाकाच्या खुर्चीतून आल्या होत्या. सही करताना हात थरथरत होता, पण सही अख्खी केली, तिन्ही नावं आणि आडनाव. मग मला पिशवी दिली. त्यात घराच्या चाव्या, शेडची चावी आणि कचऱ्याच्या डब्यांचं कॅलेंडर, हिरव्या पेनाने खुणा केलेलं.

अवजारं यादीत "जाणार" होती. गेली. बाह्यरेषा राहिल्या.

---

शेवगा | २३ जून, संध्याकाळी ७:३०

तातडीचं. शेजारचे काका कॉफी घेऊन आले आणि सांगून गेले की दोन घरांमधलं बीचचं कुंपण काडास्टरच्या रेषेवर नाहीये, ४० सेंटिमीटर आमच्या बाजूला आहे. त्यांच्या वडिलांनी १९७९ला लावलेलं. "सांगून ठेवलेलं बरं," म्हणाले आणि गेले. हे भांडण आहे का?

---

खाउडाकर | २३ जून, रात्री ८:००

नाही. भांडण असतं तर कॉफी आणली नसती. कायद्याने बघाल तर वीस वर्षं कुणी तो पट्टा आपला म्हणून वापरला आणि कुणी हरकत घेतली नाही, तर तो त्यांचाच झालेला असू शकतो. ४० सेंटिमीटरसाठी मोजणीवाला आणि वकील यांचा खर्च कुंपणाच्या किमतीच्या कितीतरी पट होईल. सोडा.

---

उत्तरेचा_वारा | २३ जून, रात्री ८:२०

उद्या सेंट यान. या सुमाराला कुंपणं छाटायची जुनी पद्धत आहे. जाऊन विचारा, "कधी कापायचं?" बास.

---

शेवगा | २९ जून, दुपारी ४:१०

विचारलं. शनिवारी कापायचं ठरलं. काकांकडे विजेची कात्री, आमच्याकडे वायर. पाच मिनिटांत लेकीला आत काळ्या पक्ष्याचं घरटं दिसलं, पिल्लांसकट. काम बंद. आता ऑगस्टमध्ये.

लसूणदादा, काल वारा फिरला. तुम्ही म्हणाला होतात ते खरंय. खिडक्या लावून पोहे खाल्ले.

---

नवखा | २९ जून, संध्याकाळी ५:५५

वाचनखूण साठवली. मी परवा डेर्नजवळ पहिलं घर बघायला जातोय. शेडच्या छपराचा फोटो इथे टाकला तर चालेल का?

---

उत्तरेचा_वारा | २९ जून, संध्याकाळी ६:१०

टाका. अंगणात झाकण असेल तर त्याचाही.